भट्टीत न गेलेलं तांबं

माझं बालपण पुण्याच्या तांबट आळीत गेलं. तांबं म्हणजे बाजारातून येणारा पत्रा, एवढंच मला ठाऊक. शाळेत शिकले तेही असं की आधी खनिज, मग भट्टी, मग धातू. जमिनीत तांबं तांबं म्हणूनच सापडतं, हे मी ऑक्टोबरात मिशिगनच्या अगदी उत्तरेला, लेक सुपिरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर पाहिलं. सोबत बाबा होते. आयुष्यभर मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी हातोडीने ठोकण्याचं काम, केलेला माणूस.

तिथल्या हॅनकॉक गावाच्या टेकडीवर क्विन्सी नावाची तांब्याची खाण आहे. १८४६ ते १९४५ अशी जवळजवळ शंभर वर्षं ती चालली. खाणीचे ९२ मजले, पण सातव्याच्या खाली आता सगळं पाणी भरलंय. आत कडाक्याचा गारठा. भिंतीवर हात ठेवला आणि मी चमकलेच. हा तर आपल्या सह्याद्रीसारखाच काळा पाषाण! लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्याही तशाच. आपल्याकडे त्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक मिळतात. इथला लाव्हा सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातून फिरलेल्या गरम पाण्यात गंधक फारच कमी होतं, त्यामुळे तांब्याचं सल्फाइड झालं नाही. पोकळ्यांत आणि भेगांत ते निव्वळ धातू होऊन बसलं.

आणि हा निव्वळपणाच खाणकामगारांच्या जिवावर यायचा, ही गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटली. सुरुंगाने दगड फुटतो, तांबं फुटत नाही, नुसतं वाकतं. मोठा गोळा लागला की तो छिन्नीने कापायचा. एकाने छिन्नी धरायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचे आणि अरुंद चर पाडत जायचं. १८५७ साली याच भागातल्या दुसऱ्या एका खाणीत ४०० टनांहून जड गोळा लागला, तो तुकडे करून बाहेर काढायला वर्षाहून जास्त काळ गेला.

"अगं, छिन्नी धरणाऱ्याचं मनगट काय झालं असेल!" बाबा एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प होते.

खाण कंपन्या यायच्या हजारो वर्षं आधी इथले मूळ रहिवासी हेच तांबं ठोकून भाल्यांची टोकं, सुया, मणी घडवत. ओजिब्वे भाषेत तांब्याला 'मिस्क्वाबिक' म्हणतात. त्या जुन्या कारागिरांना ते वितळवावं लागलं नाही. ठोकून ताठ झालं की विस्तवात तापवायचं, मऊ झालं की पुन्हा ठोकायचं. हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला. "मग ते आपलेच की!"

दुकानातून आम्ही लिंबाएवढा एक गोळा घेतला. वरून हिरवट, खाचांत गारगोटीचे पांढरे कण. डेट्रॉइटला परतल्यावर बाबांनी ते कण टोच्याने एकेक करून काढले आणि गोळा गॅरेजच्या लादीवर ठोकायला घेतला. आधी हिरवा पापुद्रा गळला, मग खालचा लालसर, ओला वाटावा असा रंग उघडा पडला. विसेक घावांत कडा ताठ झाली, आवाज बदलला. बाबांनी हात थांबवला, तुकडा चिमट्यात धरून गॅसवर लाल केला आणि पाण्यात सोडला. चर्र झालं.

"आता ऐकेल," ते म्हणाले, आणि पुन्हा हातोडी उचलली.