बोट लागणे

मागच्या शनिवारी इथल्या, अमेरिकेतल्या, आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. त्यांचा मुलगा अमेरिकेच्या आर्मीत आहे, दीड वर्ष झालं. रात्री झोपेत उठून चालतो, म्हणून त्याला घरी पाठवायचं चाललंय.

"म्हणजे आजारी म्हणून सोडतायत ना गं? मग पेन्शन-बिन्शन?"

"नाही काकू, आजारी म्हणून नाही."

"मग काय, वागणूक वाईट म्हणून?"

"तसंही नाही."

त्या गप्प झाल्या. २०२१ च्या जूनमध्ये माझी आई फोनवर अगदी याच जागी गप्प झाली होती. तेव्हा तिला समजावायला माझ्याकडे शब्द नव्हते. आता थोडे आहेत, म्हणून लिहिते आहे.

मला बोट लागते, म्हणजे जहाज हललं की मळमळतं, उलट्या होतात. आमचं मूळ घर मालवणच्या बाजूचं, त्यामुळे हा शब्द घरात पिढ्यान् पिढ्या आहे. आजोबा मुंबईला बोटीने जायचे. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडावातून बोटीवर चढायचं, आणि मग रात्रभर निम्मे प्रवासी आडवे. आजी म्हणायची, "बोट लागता ता काय दुखणां न्हय गो." अमेरिकेच्या नौदलाचा नियमही नेमकं हेच म्हणतो. फरक इतकाच की आजीच्या बोलण्यात धीर होता आणि नियमामुळे माझी नोकरी गेली.

२०१९ च्या जानेवारीत मी शिकागोच्या उत्तरेला, ग्रेट लेक्सला, नौदलाच्या बूट कॅम्पला, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणाला, गेले. शेवटी एक अख्खी रात्र 'ट्रेयर' नावाच्या जहाजावर काढावी लागते. ही इमारतीच्या आत, पाण्याच्या टाकीत उभी केलेली २१० फुटांची विनाशिकेची प्रतिकृती. आग, गळती, जखमी, सगळं तिथे घडवून आणतात. पहाटे ती परीक्षा संपली आणि डोक्यावर 'नेव्ही' लिहिलेली टोपी आली तेव्हा मी रडले. पण ते जहाज कुठे जात नाही. मला बोट लागते हे तिथे कळायला मार्गच नव्हता.

मग मिसिसिपीत मेरिडियनला भांडारकामाचं प्रशिक्षण झालं आणि व्हर्जिनियातल्या नॉर्फोकच्या नौदल तळावर खऱ्या विनाशिकेवर नेमणूक मिळाली. पहिल्याच फेरीत केप हॅटरसच्या पाण्यात मी कोसळले. सगळेच म्हणाले, तीन-चार दिवसांत सवय होते. बहुतेकांना होतेही. मला दुसऱ्या फेरीत झाली नाही, चौथीतही नाही. आमच्या चीफने, म्हणजे वरिष्ठाने, सांगितलं की ब्रिटिश नौदलाच्या नेल्सनलासुद्धा शेवटपर्यंत बोट लागायची. त्या वाक्यावर मी आठवडाभर तग धरला.

माझं काम खालच्या भांडारात. तिथे खिडकी नाही, क्षितिज नाही. डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कान सांगतात की आपण वर-खाली होतोय. 'डॉक'ने, म्हणजे जहाजावरच्या वैद्यकीय सहायकाने, कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी दिली. एक पट्टी तीन दिवस चालते. उलट्या कमी झाल्या, पण तोंडाला कोरड पडली आणि जवळचं धूसर दिसायला लागलं. आमच्या कामात प्रत्येक सुट्या भागाला तेरा आकडी क्रमांक असतो. एका रात्री मी त्यातला एक आकडा चुकीचा वाचला आणि इंजिनवाल्यांच्या हातात भलताच व्हॉल्व्ह गेला. त्यांनी वेळीच ओळखलं. पण त्या रात्रीनंतर माझी मलाच भीती वाटू लागली.

किनाऱ्यावर कान तपासले. सगळं नॉर्मल. मला हे 'नॉर्मल' खूप लागलं, कारण मला वाटायचं काहीतरी सापडेल, नाव मिळेल, इलाज होईल. नंतर वाचलं तेव्हा ते नॉर्मल कळलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या नौदलाने आणि नासाने वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या कॉलेजमधल्या अकरा बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग केले होते. त्यातल्या दहा जणांचं ऐकणं मेंदूज्वराने गेलं होतं, आणि त्याबरोबर आतल्या कानाची तोल कळण्याची शक्तीही. नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेलं, तर ते पत्ते खेळत बसले. संशोधक मात्र इतके आजारी पडले की प्रयोग थांबवावा लागला. म्हणजे आतला कान शाबूत असतो त्यालाच बोट लागते. माझ्यात काही मोडलेलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा हलकं वाटलं.

काकू, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शरीराला इजा किंवा अपंगत्व आलं तर सैनिकाला वैद्यकीय मंडळापुढे नेतात आणि अपंगत्वाचे टक्के ठरतात. ३० टक्के किंवा अधिक असेल तर वैद्यकीय निवृत्ती मिळते, त्याखाली बहुधा एकरकमी पैसे. पण सतत बोट लागणं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, बंद जागेची भीती, या गोष्टी कामाच्या आड येतात तरी कायद्याच्या लेखी अपंगत्वात बसत नाहीत. त्यासाठी वेगळा प्रशासकीय रस्ता आहे. त्यात मंडळ नाही, टक्के नाहीत, पेन्शन नाही. सहा वर्षांपेक्षा कमी नोकरी झालेल्याला सहसा सुनावणीही नाही, फक्त सूचनेचा कागद येतो.

त्या कागदावर चौकोन असतात. वकिलाशी बोलायचं आहे का? स्वतःचं म्हणणं लेखी द्यायचं आहे का? ज्यावरून हे ठरवलं त्या कागदांच्या प्रती हव्यात का? मी तिन्ही ठिकाणी 'नाही' केलं. समोरचा माणूस घाईत होता आणि मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. हे मला अजून सलतं. वकील फुकट असतो, सैन्याचाच असतो, आणि त्याच्याशी बोलल्याने कोणी नाराज होत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

निघताना डीडी २१४ नावाचा दाखला मिळतो. त्याच्या दोन प्रती जपायच्या. एकीवर सुटण्याचं कारण छापलेलं नसतं. 'मेंबर ४' लिहिलेल्या दुसरीवर सगळं असतं. माझ्या २८ व्या रकान्यात लिहिलंय, 'कंडिशन, नॉट अ डिसॅबिलिटी'. पण त्याच्या आधी २४ वा रकाना बघायचा, सेवेचा दर्जा. माझ्या तिथे 'ऑनरेबल' आहे. त्या एका शब्दावर माझं शिक्षण झालं. एकोणतीस महिन्यांच्या सेवेवर जीआय बिलातून, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी योजनेतून, ७० टक्के लाभ मिळाला. तिथे 'जनरल' हा त्याखालचा दर्जा असता तर हे मिळालं नसतं. काकू, मुलाला हे आधी विचारायला सांगा: दर्जा काय देणार आहेत? आणि भरतीचा बोनस घेतला असेल तर उरलेल्या काळाचा भाग परत मागू शकतात, तेही विचारू दे.

'नॉट अ डिसॅबिलिटी' वाचून मी दोन वर्षं माजी सैनिकांच्या खात्याकडे भरपाई मागायला गेलेच नाही. वाटायचं, कागदावरच नाही म्हटलंय, आता कोण ऐकणार. ते चूक होतं. ते खातं स्वतंत्रपणे ठरवतं आणि सैन्याचा हा शिक्का त्याच्यावर बंधनकारक नसतो. जहाजावर असल्यापासून माझ्या कानात सतत एक बारीक शिट्टी वाजते. उलट्यांच्या गडबडीत मी ती कधी धड सांगितलीच नव्हती. अर्ज केला, तपासणी झाली, १० टक्के अपंगत्व मंजूर झालं. रक्कम लहान आहे. पण कोणीतरी नीट ऐकून घेतलं.

एक गोष्ट मुलाला एकट्याला गाठून विचारा. चालण्याबरोबर त्याला भयंकर स्वप्नं पडतात का, कधी डोक्याला मार बसला होता का? असेल तर 'झोपेत चालतो' एवढ्यावर फाईल बंद होऊ देऊ नका. हे मी उगाच म्हणत नाही. नोव्हेंबर २००१ ते जून २००७ या काळात सुमारे २६,००० जणांना 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणून याच प्रशासकीय रस्त्याने घरी पाठवलं, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये लिहिलं. त्यातले सुमारे २,८०० युद्धाच्या कामगिरीवर जाऊन आलेले होते. त्यानंतर नियम कडक झाले. युद्धक्षेत्रात राहून आलेल्याच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञाचं निदान, दुसऱ्याची खातरजमा आणि युद्धाच्या मानसिक आघाताचा विचार, हे सक्तीचं झालं. ते नियम आहेत म्हणून विचारायचं. आपण होऊन कोणी आठवण करून देईलच असं नाही.

आणि समजा सगळं झाल्यावर कळलं की कारणच चुकीचं लिहिलं गेलं, तर पंधरा वर्षांपर्यंत त्या निर्णयाची फेरतपासणी मागता येते.

आईने तेव्हा शेवटी विचारलं होतं, "तुला काढलं की तू सोडलंस?" मी म्हटलं होतं, "माहीत नाही." आज विचारलं तर सांगेन: मी पूर्ण मनाने गेले होते, एकोणतीस महिने भांडार नीट सांभाळलं, आणि माझ्या कानाला समुद्र मानवला नाही.

काकू, या रविवारी मी घरीच आहे. मुलाला आलेला कागद मोबाइलवर पाठवू नका, प्रिंट काढून आणा. आणि मी बघेपर्यंत त्याला कुठल्याही चौकोनात खूण करू देऊ नका.