फॉरबिडन सिटीत मान वर करून चाला

बीजिंगमधला आमचा पहिला दिवस फुकट गेला. सोमवार होता आणि सोमवारी फॉरबिडन सिटी, म्हणजे चिनी बादशहांचा जुना राजवाडा, बंद असतो, हे दारात पोचल्यावर कळलं. तुम्ही वार बघून जा. तिकीट सात दिवस आधीपासून ऑनलाइन मिळतं, पासपोर्टच्या नंबरावर; मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, एरवी ४०. आत शिरायचं ते दक्षिणेच्या दारानंच.

आत गर्दी इतकी, की सिंहासन बघायला लोक खिडकीशी रेटारेटी करत होते. आम्ही नाद सोडला आणि छपरं बघत बसलो. खरं सांगतो, राजवाडा तिथंच वाचता येतो.

ताइहे हे सगळ्यात मानाचं दालन. सध्याची इमारत १६९५ची. छप्पर चौपाखी, कोकणातल्या घरांना असतं तसंच, फक्त वळचणी दोन, एकीवर एक. चीनमध्ये हा थाट सर्वोच्च. त्यामागचं चोंगहे लहान, चारही पाखं वर एका टोकाला मिळतात. मग बाओहे: दोन वळचणी इथंही, पण दोन्ही बाजूंना वर त्रिकोणी भिंत डोकावते. म्हणजे एक पायरी खाली. साध्या माणसाला दुपाखी छप्पर आणि राखाडी कौलं. पिवळी चकचकीत कौलं बादशहाची, राजपुत्रांच्या वाड्यांवर हिरवी.

आता कोपऱ्यांवरच्या उतरत्या कण्याकडे बघा. चिनी मातीचे छोटे प्राणी रांगेत बसलेत. मुळात कौलं घसरू नयेत म्हणून ठोकलेल्या खिळ्यांवरची ही टोपणं. पुढं त्यांच्या संख्येवरून हुद्दा ठरायला लागला. ताइहेवर दहा, बाओहेवर नऊ. बायकोनं अकरा मोजले आणि आमची जुंपली. सगळ्यात पुढं पक्ष्यावर बसलेला स्वार असतो, तो हिशेबात धरत नाहीत. दहावा प्राणी पंखवाल्या माकडासारखा, हातात चक्क वज्र! तो फक्त ताइहेवरच आहे. छोटी दुर्बीण न्याच. आमची हॉटेलवर राहिली आणि फोनच्या झूमवर भागवावं लागलं.

एक चूक मात्र करू नका. पूर्वेकडे वेनयुआन नावाचं ग्रंथालय आहे, त्याची कौलं काळी. चिनी समजुतीत काळा रंग पाण्याचा, म्हणून पुस्तकांना आगीपासून राखणारा. ते सुरुवातीलाच, दक्षिणेच्या बाजूला लागतं. आम्ही ‘नंतर बघू’ म्हणत पुढं गेलो आणि उत्तरेच्या दारानं बाहेर पडलो. परत आत सोडत नाहीत.

समोरच जिंगशान बागेची टेकडी आहे, तिकीट दोन युआन, चढ थोडा दमवतो. वरून अख्खा राजवाडा पिवळाधमक पसरलेला दिसतो आणि तटाबाहेर जुन्या गल्ल्यांची राखाडी कौलं. बायको कठड्याला टेकून बराच वेळ काळं छप्पर शोधत होती. सापडलं नाही.