चारशे ईमेल आणि एक तिरका कागद

गेल्या महिन्यात भाडेकराराच्या एका वादात अशिलाने चारशेच्या वर ईमेल आणून दिले. सगळे वाचून तारीखवार घटनाक्रम लावायचा म्हणजे दोन दिवस मोडतात. एरवी हे काम ज्युनिअरच्या गळ्यात पडतं. या वेळी मी ते एआयला दिलं. आधी नावं, पत्ते, खातेक्रमांक काढून तिथे 'मालक', 'भाडेकरू' असं घातलं. त्यात एक तास गेला. तो वाचवायचा मोह मी करत नाही.

पहिल्यांदा नुसतं 'घटनाक्रम काढ' म्हटलं. गोष्टीसारखं गुळगुळीत काहीतरी आलं. त्यातलं कुठलं वाक्य कुठल्या ईमेलमधलं, पत्ता नाही. मग बसून सूचना लिहिल्या. प्रत्येक नोंदीपुढे ईमेलचा क्रमांक आणि मूळ वाक्य जसंच्या तसं हवं. तारीख नसेल तर तसं लिही, अंदाज बांधू नकोस. दोन ईमेल एकमेकांना खोडत असतील तर दोन्ही दाखव. खरं सांगते, इतक्या स्पष्ट सूचना मी आजवर एकाही ज्युनिअरला दिलेल्या नाहीत. बिचारे माझा चेहरा वाचून काम करायचे.

वीस मिनिटांत तक्ता तयार. पडताळायला मात्र अडीच तास. नोटिशीची मुदत ३० दिवस दाखवली होती. नंतरच्या पुरवणी कराराने ती ६० केलेली, पण ती पुरवणी म्हणजे तिरका स्कॅन झालेला पुसट कागद. ज्युनिअर तो घेऊन माझ्या टेबलाशी आली असती, "मॅडम, हे वाचता येत नाही" म्हणत. एआयने तो गुपचूप गाळला.

न्यायनिवाड्यांचे दाखले मी त्याच्याकडून घेत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात 'माता विरुद्ध एव्हियांका' प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले निकाल दाखल झाले आणि वकिलांना ५,००० डॉलर दंड बसला. मला दंडापेक्षा दुसरंच लक्षात राहिलंय: निकाल खरे आहेत का, हे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. ते हो म्हणालं!

बिलात चार तासच लावले. तासावर पैसे घेणाऱ्याने प्रत्यक्ष लागलेलाच वेळ लावावा, असं अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेनेही जुलै २०२४ च्या मतात म्हटलंय.

त्या पुरवणीसारखी आणखी सात पुसट पानं निघाली आहेत. ज्युनिअर आत्ता शेजारच्या टेबलावर भिंग घेऊन तीच वाचत बसली आहे.