मॅग्निट्यूडच्या आकड्यावर जाऊ नका

छोट्या टेलिस्कोपने गॅलक्सी शोधायच्या म्हटलं की सगळे आधी मॅग्निट्यूड, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, बघतात आणि तिथेच घोळ होतो. हा आकडा जितका कमी तितकी गोष्ट उजळ. मेसियेच्या यादीतल्या (नावातला ‘एम’ तोच) दोन गॅलक्सी घ्या: एम१०१ चं मॅग्निट्यूड ७.९ आणि एम८२ चं ८.४, म्हणजे कागदावर एम१०१ जास्त ठळक. पण माझ्या चार इंची टेलिस्कोपमधून अंगणात एम८२ पटकन सापडते आणि एम१०१ बहुतेक वेळा दिसतच नाही! कारण सोपं आहे, मॅग्निट्यूड म्हणजे गॅलक्सीचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला तर किती, आणि एम१०१ जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढी पसरलीये, तेवढ्या जागेवर तो प्रकाश सारवला की आकाशाच्या उजेडात पार विरून जातो. एम८२ आपल्याला कडेने दिसते, म्हणून लांबट, बारीक पण घट्ट.

त्यामुळे सुरुवात एम८१-८२ च्या जोडीपासूनच करा. सप्तर्षींच्या चौकोनात पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत तिरकी रेघ ओढायची आणि तेवढीच पुढे न्यायची, सगळ्यात कमी पॉवरचा (म्हणजे कमी मोठं दाखवणारा) आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंग, लावून तिथे सावकाश फिरायचं. मध्ये उजळ असलेला लंबगोल ती एम८१, शेजारची फिकट रेघ ती एम८२, दोघी एकाच फील्डमध्ये, म्हणजे एकाच वेळी नजरेत, येतात. सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं लांब आहेत म्हणे, पण बघताना ते डोक्यात येत नाही, डोळे ताणण्यातच सगळं लक्ष जातं.

आणि डोळे ताणायचेच नाहीत खरं तर. थेट न बघता जरा बाजूला बघायचं, कारण मंद प्रकाश पकडणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात. अंधाराला सरावायला अर्धा तास द्या, मोबाईल एकदा बघितला की सगळं परत पहिल्यापासून. शंका आली तर ट्यूबला हलकी टिचकी मारा, हलणारी गोष्ट डोळ्याला लवकर कळते. गॅलक्सीला कायम कमीच पॉवर हवी असं म्हणतात, ते मात्र मला पटत नाही, सापडल्यावर वाढवून बघा, मोठा डाग कधीकधी जास्त नीट दिसतो.

सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या मरीचीजवळची एम५१ गॅलक्सी पण अशीच. तिची सर्पिल रचना १८४५ मध्ये लॉर्ड रॉस या खगोलनिरीक्षकाला दिसली ती ७२ इंची आरशाच्या टेलिस्कोपमधून, त्यामुळे आपल्याला दोन धुरकट डाग दिसले तरी समजायचं की सापडली.