सभापर्वातला निरोप्या

डिचोली तालुक्यातील आमच्या गावी काल्याच्या रात्री देवळासमोर पौराणिक नाटक होई आणि वस्त्रहरणाच्या प्रवेशासाठी पाच-सहा लुगडी एकमेकांना गाठी मारून पडद्यामागे ठेवलेली असत. दुःशासन ती ओढू लागला की मांडवातल्या बायका हात जोडत. १९७४ साली नववीत येईपर्यंत माझे महाभारत एवढेच होते.

संस्कृतच्या बाईंनी सभापर्व शिकवताना आम्हांला वस्त्रापर्यंत पोहोचूच दिले नाही. दुर्योधनाचा हुकूम घेऊन आलेल्या प्रातिकामीला द्रौपदी परत पाठवते आणि सांगते, सभेत जाऊन त्या जुगाऱ्याला विचार, तू आधी स्वतःला हरलास की मला? या एका प्रश्नावर बाईंनी आठवडा घालवला. स्वतः दास झालेल्याला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, याचे उत्तर युधिष्ठिर देत नाही, धर्म सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म थांबतात, आणि भर सभेत स्पष्ट बोलतो तो दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती मी पुष्कळ वर्षांनी पाहिली. तिच्यात द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मूळ संहितेत नाही, तो तळटीपेत आहे. वस्त्रे मात्र तेथेही वाढतच जातात. त्यामुळे गावचे नाटक खोटे ठरले असे मला वाटत नाही. महाभारतातल्या मूळ कथेत शकुंतलेला ओळखूनही नाकारणाऱ्या दुष्यंताला कालिदासाने शापाचे निमित्त दिले, भासाने ‘ऊरुभंगा’त मरणाऱ्या दुर्योधनाला मोठेपण दिले, आणि सोळाव्या शतकात आपल्या गोमंतकातल्या बोलीत गद्यात सांगितलेल्या भारतकथांची रोमन लिपीतली हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथे आहेत. कोणा भाविक कवीने रचलेला तो धावाही याच परंपरेतला आहे.

नववीतल्या त्या वर्षीच्या काल्याला मी प्रातिकामीची वाट पाहत बसलो. नाटकात तो नव्हताच. बाईंनी गावच्या नाटक मंडळींना निरोप धाडला. पुढच्या वर्षी तो प्रवेश आला आणि भूमिका मला मिळाली. हातात काठी घेऊन अंतःपुरातून सभेत यायचे, तो एक प्रश्न विचारायचा आणि भीमाच्या भीतीने तेथेच थबकायचे, एवढेच काम होते. प्रश्न विचारून मी थांबलो, तेव्हा पुढच्या रांगेत बाई बसल्या होत्या आणि मांडवात कोणीच बोलत नव्हते.