त्या फळांचं व्हाउचर कुठंय?

मार्चअखेरची रात्र, साडेदहा वाजलेले. शाखेतली नवी मुलगी माझ्या पिशवीत डोकावून म्हणाली, "मॅडम, दिवसभर ताळेबंद आणि पिशवीत ड्रॅगन? हे कसं काय?" आमची भाचेसून हेच जरा गोड करून विचारते, "मामी, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला भुतांचे पिक्चर कसे आवडतात?" नवरा विचारत नाही. टीव्हीवर काळोखी हवेली दिसली की उशी उचलून दुसऱ्या खोलीत जातो, म्हणजे विचारल्यासारखंच झालं. इतक्या जणांनी विचारलंय, तर एकदा नीट सांगून टाकते.

बँकेत तीस वर्षं झाली, त्यातली शेवटची अकरा तपासणी विभागात. लोकांचा समज असा, की आकड्यांना वैतागून मी राक्षस-चेटकिणींकडे पळते. पळत वगैरे काही नाही. तिकडे जाऊनही मी तपासणीच करते.

याला कारण माझी आत्या. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात ती माडीवर राहायची, शाळेत शिकवायची आणि दर महिन्याला स्वतःच्या पैशानं 'चांदोबा' आणायची. विक्रम-वेताळाची गोष्ट वाचायची ती दिवा घालवून, मेणबत्तीवर. मी पांघरुणात शिरले की म्हणायची, "घाबरून काय राहिलीस? वेताळ प्रश्न विचारतो, चावत नाही." उज्जैन आमच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, त्यामुळे विक्रम राजा म्हणजे शेजारच्या गावचा माणूस. १९८०च्या सिंहस्थाला जाताना बसच्या खिडकीतून एक एकटं झाड दाखवून ती म्हणाली, "हेच ते." परतताना दुसऱ्याच झाडाला "हेच ते" म्हणाली.

नोकरीला लागल्यावर मी सोमदेवाचा अकराव्या शतकातला 'कथासरित्सागर' अनुवादातून वाचला. त्यातला वेताळ वाहणारा राजा उज्जैनचा नाहीच! त्याचं नाव त्रिविक्रमसेन आणि राजधानी गोदाकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. आमच्यासारखाच, तिकडून निघून माळव्यात स्थायिक झालेला दिसतो. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग मराठी बोलत असेल, हिंदी मिसळून."

पण खरा धक्का पुढं होता. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते खजिनदाराच्या हाती सोपवतो. असं दहा वर्षं चालतं. एक दिवस दरबारात माकडाचं एक पाळीव पिल्लू येतं, राजा ते फळ त्याला देतो, पिल्लू फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. आधीची फळं कुठायत म्हणून विचारल्यावर खजिनदार सांगतो, मी तर कोठाराचं दार न उघडताच खिडकीतून आत टाकत होतो. जाऊन पाहतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग.

दहा वर्षं! ना नोंद, ना पावती, ना वर्षअखेरची मोजदाद. मी तपासणीला गेले असते तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, या फळांचं व्हाउचर कुठंय? भिक्षूचं केवढं देणं अंगावर चढतंय हे राजाला वेळेत कळलं असतं, आणि अमावस्येच्या आसपास मसणात जाऊन प्रेत खांद्यावर घ्यायची पाळी आली नसती. अर्थात मग गोष्टही झाली नसती.

तेव्हापासून भुताची कुठलीही गोष्ट हातात आली की मी तेवढंच बघते, बिननोंदीचं काय आत आलंय? न जुळणारी रक्कम आम्ही तात्पुरती ज्यात टाकतो ते सस्पेन्स खातं. इकडचे जुने मुनीम त्याला उचंत खातं म्हणतात. ते खातं कधीतरी साफ करावंच लागतं, नाहीतर साहेबांच्या आधी तेच तुम्हाला गाठतं. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या चांगल्या कथा मला अशाच वाटतात. समर्थ, म्हणजे त्यांचा बाधा घालवणारा नायक, येऊन पोचेपर्यंत घरात कसलीतरी थकबाकी वाढत असते आणि घरातल्या एकालाच तिचा वास येत असतो.

धारपांच्या कथेची सावली पडलेला 'तुंबाड' २०१८ मध्ये आला, तो मी लागोपाठ दोनदा पाहिला. हस्तर म्हणजे त्यातला शापित देव, लंगोटात मोहरा आणि भूक पिठाची. सिनेमाचा नायक विनायक पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्या वेळात हाताला लागतील त्या मोहरा काढायच्या. पुढं त्याच्या पोराला वाटतं, बाहुल्या जास्त नेल्या तर मोहरा जास्त. नेतात. आणि जितक्या बाहुल्या, तितके हस्तर! माझ्या तोंडून मोठ्यानं "बरोब्बर" निघालं. पुढच्या रांगेतली चार डोकी वळली.

त्याच वर्षीचा 'स्त्री' नवऱ्यानंही पाहिला, कारण त्यात हसायला होतं. तो घडतो चंदेरीत, जिथल्या साड्या आमच्या प्रत्येक लग्नात निघतात. तिथं घराघरांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं, "ओ स्त्री कल आना." त्या बाईच्या भुताला वाचता येतं, ती आज्ञाधारक आहे, म्हणून ती परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. आमच्या किराणावाल्याच्या गल्ल्यावर चाळीस वर्षं पाटी आहे, "आज नकद कल उधार." मी तो सीन बघताना किराणावाल्याचाच विचार करत होते. भुताला हप्ता पुढं ढकलायला सांगणारं गाव मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

जपान्यांची तऱ्हा निराळी. १९९८च्या 'रिंगू'मध्ये एक शापित व्हिडिओ कॅसेट आहे, पाहिली की सात दिवसांत मरण. सुटका एकच, कॅसेटची नक्कल करायची आणि दुसऱ्याला दाखवायची. शेवटी आई लेकराला वाचवायला गाडीत बसते आणि स्वतःच्या वडिलांकडे निघते. त्या क्षणी पडद्यावर भूत नाही, रक्त नाही, नुसता रस्ता आहे. माझ्या पोटात इतका गोळा कुठल्याच मुंडक्यानं आणला नव्हता. देणं फिटत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जातं.

मुंडक्यावरून आठवलं. रॅमसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४चा. तो मी पाहण्याआधी ऐकला. आत्या एकटी जाऊन पाहून आली आणि रात्री गच्चीवर तिनं सगळा सांगितला. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं एकीकडे बंद, धड दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र आली की संपलं. मोठेपणी सिनेमा पाहिला तर आत्याचा कितीतरी सरस होता. तिच्या सांगण्यात मुंडक्याला दात दुखायचे.

इंदूरकर असून 'महल'बद्दल बोलले नाही तर लोक रागावतील. १९४९चा तो सिनेमा, मधुबाला, आणि 'आयेगा आनेवाला' गाणाऱ्या लताबाई जन्मानं इंदूरच्या. तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. नाव नसलेला आवाज घरोघर फिरत होता, हे मला सिनेमापेक्षाही भुताटकीचं वाटतं. सिनेमा मात्र शेवटी सांगतो की भूत नव्हतंच, माळ्याची मुलगी होती. ताळेबंद जुळवायला शेवटच्या दिवशी खोटी नोंद टाकल्यासारखं! पण ते गाणं अजून रात्री एकटीनं ऐकत नाही मी.

आता ड्रॅगन. भाचेसुनेला वाटतं ती लहान मुलांची पुस्तकं. तिला मी टॉल्किनची गंमत सांगितली. १९३७च्या 'हॉबिट'मध्ये गॉलम नावाचा गुहेतला प्राणी नायक बिल्बोबरोबरच्या कोड्यांच्या खेळात अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो. पुढं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कादंबरी लिहिताना ती अंगठी इतकी घातक ठरली, की असं कुणी सहज देऊन टाकेल हे पटेना. मग १९५१च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदललं. आणि जुनी हकीकत? ती बिल्बोनं मारलेली थाप होती, असं ठरवून टाकलं! मागच्या तारखेची दुरुस्ती करून जुनी नोंदसुद्धा कथेत वापरणारा हिशेबनीस मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडे असता तर मी त्याला मेमो दिला असता आणि त्याचा फोटोही टेबलावर ठेवला असता.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिन यांनी एका मुलाखतीत टॉल्किनच्या राजाचं करधोरण काय होतं असं विचारलं, तेव्हा मला ते सख्खे वाटले. त्यांच्या कादंबऱ्यांत ब्राव्होस नावाच्या शहराची आयर्न बँक आहे. राणीनं हप्ते थांबवले की ती बँक गादीवर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्याला पैसे पुरवते. वसुलीची ही पद्धत मी वरिष्ठांना सुचवलेली नाही. मात्र पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि सहाव्याची आम्ही अजून वाट पाहतोय, हे कुठल्या खात्यात घालायचं ते मार्टिनसाहेबांनीच सांगावं.

न आवडणारं पटकन सांगते. आरशाचं कपाट बंद केलं की मागं उभी असलेली बाई. भविष्यवाणीतला निवडलेला मुलगा. आणि जादू वापरून कुणाची साधी नखंसुद्धा काळी पडत नाहीत अशा कादंबऱ्या.

यावर हमखास येतो तो पुढचा प्रश्न, "मग भुतांवर विश्वास आहे का?" नाही. पण दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, २०१४ पासूनची ती व्यवस्था आहे. पैसे बुडत नाहीत, वारस आला की परत मिळतात. शाखा तपासताना त्या नावांची यादी माझ्यासमोर येते. गेल्या वर्षी एका यादीत आत्याचं नाव निघालं. पत्ता रामबागेचा, रक्कम ४,३१८ रुपये, नॉमिनी नाही. ती गेली तेव्हा तिची कागदपत्रं मीच आवरली होती. हे पासबुक माझ्याच हातून सुटलं.

सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. त्यातली एक बडोद्याच्या काकांची. घर विकलं त्या वर्षापासून, २००९ पासून, आमचं बोलणं नाही. फॉर्म छापून घेतलाय. त्या मुलीनं पिशवीत डोकावलं तेव्हा तो ड्रॅगनच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेला होता. तिला दिसला नसावा.