आधीच भिजलोय की!

मेमधला रविवार आमच्या वॉटर पार्कमध्ये लग्नातल्या तिसऱ्या पंगतीसारखा असतो. माणसं मावत नाहीत, वाढपी दमलेले, यजमान तेवढे खूश. त्या रविवारी तर अकरालाच पार्किंग भरलं. पुण्याबाहेर, शेतांच्या मधोमध आहे आमचं पार्क. नाव सांगत नाही, नोकरी करायचीय अजून. मी तिथे शिफ्ट इनचार्ज. लाईफगार्डच्या ड्युट्या, पंप, फिल्टर, पाण्याची तपासणी आणि हरवलेली पोरं, सगळं माझ्या गळ्यात.

बाराला वेव्ह पूलचं, म्हणजे यंत्रानं लाटा उठवतात त्या तलावाचं, पाणी तपासलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी चुरडायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जितकं जास्त तितकं गडद. सकाळी नऊला मस्त डाळिंबी रंग आला होता. आता आला तो इतका फिका, की नळी पांढऱ्या फरशीसमोर धरून बघावी लागली. अर्धा पीपीएमसुद्धा नसेल, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत क्लोरीनचा अर्धा भागही नाही. एकच्या खाली आम्ही जाऊ देत नाही.

कारण डोक्यावरच होतं. उन्हातले अतिनील किरण पाण्यातलं क्लोरीन फोडतात. भर उन्हात, बिनझाकल्या पाण्यात दोन-तीन तासांत त्याचा बहुतेक भाग उडून जातो. उरलेलं माणसं संपवतात. घाम, सनस्क्रीन, केसांचं तेल आणि ज्याबद्दल पालक शपथेवर नाही म्हणतात ते. लोकांना वाटतं, डोळे चुरचुरले, उग्र वास आला म्हणजे मेल्यांनी क्लोरीन जास्त ओतलंय. तसं नसतं. तो वास क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून आलेला असतो. जिथे मोकळं क्लोरीन पुरेसं आहे त्या पाण्याला फारसा वास येतच नाही. अंघोळ करून पाण्यात उतरा अशी पाटी आम्ही त्यासाठीच लावतो. ती कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

शिट्टी मारून पूल रिकामा केला. क्लोरीनचं डोसिंग वाढवलं, पाणी फिरू दिलं, पुन्हा पुन्हा नळी गुलाबी होते का ते बघत राहिलो. पाऊण तास गेला. काठावर पाचशे माणसं, ओल्या अंगानं, तापलेल्या फरशीवर, आळीपाळीनं एकेक पाय उचलत उभी. "पैसे काय ऊन खायला घेतलेत का?" हे एका काकूंनी विचारलं, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. मॅनेजरसाहेब एसीत बसून फोनवर विचारत होते, "झालं का, झालं का?" एक वाजता पूल उघडला.

त्या पाऊण तासात आमची लोकांकडची पत संपली, हे मला तीन वाजता कळलं.

तीनच्या सुमाराला उत्तरेला ढग दिसला. पसरट नव्हे, उभा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा पांढऱ्या फेक आणि बूड काळंनिळं. पार्कात मात्र लख्ख ऊन, रेन डान्सला डीजे चालू. खिशातल्या फोनवर 'दामिनी' उघडलं. पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं हे ॲप आपल्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात विजा कुठे पडतायत ते दाखवतं. वीसच्या आतलं वर्तुळ रंगलं होतं. तेवढ्यात ढगाच्या पोटात चमकलं. मी मोजत गेलो. बावीसवर गडगडलं. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा, म्हणजे सात किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं की पाणी रिकामं करायचं, हा आमचा नियम.

आधी स्लाइडचे मनोरे. लोखंडी आणि पार्कातली सगळ्यात उंच वस्तू. वरच्या पोरांना जिन्यानं खाली आणायचं, आणि त्याच जिन्यानं खालचे वर यायला बघतायत. मग लेझी रिव्हर, म्हणजे ट्यूबवर बसून तरंगायचा संथ कालवा. मग वेव्ह पूल.

वेव्ह पूलमधून कोणी हललंच नाही. "अहो, आत्ताच तर चालू केलंत!" "परत नाटकं सुरू यांची." एक गृहस्थ छातीएवढ्या पाण्यात, खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी, तिच्या डोक्यावर पिवळी टोपी. मी काठावरून हात जोडले. "दादा, विजा आहेत, बाहेर या." ते हसून म्हणाले, "पाऊस आला तर येऊ दे की. आम्ही आधीच भिजलोय!" आजूबाजूचे पन्नास जण खदखदले. वाक्य चांगलंच होतं. एरवी असतं तर मीही हसलो असतो.

पाण्यात उभ्या माणसाला वीज थेट डोक्यावर पडायची गरज नसते. पाण्यात कुठेही पडली तरी पृष्ठभागावरून पसरते. हे मी त्यांना सांगत होतो आणि डीजेवर झिंगाट गाणं वाजत होतं. शेवटी प्लांटरूमला वायरलेसवर सांगितलं, लाटा बंद कर आणि डीजेची लाईनच पाड.

आवाज थांबला. पार्क एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत पुढचा गडगडाट सगळ्यांनी ऐकला. लोक निघू लागले, पण रमत-गमत, मंडईतून परतताना चालतात तसे. मी गुडघाभर पाण्यात उतरून पिवळ्या टोपीवाल्या मुलीचा हात धरला. तिच्या बाबांना ते आवडलं नाही. बाहेर येऊन आम्ही लॉकरच्या पक्क्या इमारतीकडे पंधरा-वीस पावलं गेलो असू, तेव्हा पार्किंगमागच्या नारळावर वीज पडली. मोजायला सेकंदच मिळाला नाही. उजेड आणि आवाज एकच. नारळाचा शेंडा पेटला आणि लगेच विझला, कारण त्याच वेळी गारा सुरू झाल्या.

उघड्या अंगावर गारा कशा लागतात ते तेव्हा सगळ्यांना कळलं. माणसं ट्यूब डोक्यावर धरून पळत होती. एका आजींनी प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली होती आणि तिच्या चार पायांखाली चार नातवंडं कोंबून त्या चालत होत्या. पाचच मिनिटं. मग मुसळधार पाऊस, मग नुसती भुरभुर.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणाला पाण्यात सोडत नाही. पण दर दहा मिनिटांनी कुठेतरी गुरगुरायचं आणि अर्धा तास पुन्हा शून्यापासून सुरू. साडेपाचला पार्क बंद केलं. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या वेळची कूपनं दिली. हवामानाची जबाबदारी आमची नाही असं तिकिटामागे बारीक अक्षरात छापलंय म्हणे. मला ते पटलेलं नाही. त्या दिवशी काउंटरवर जाऊन बोललोही. उपयोग झाला नाही.

रांगेतून ते बाबा माझ्याकडे आले. आवाज उतरलेला. कूपन पुढे करून म्हणाले, "साहेब, मग यायचं तरी कधी?"

अकरा वर्षांत हा प्रश्न इतक्या सरळपणे कोणी विचारला नव्हता, म्हणून मीही सरळ सांगितलं. मे नको. सुट्टी मेमध्ये असते, म्हणून सगळे मेमध्ये येतात. पुण्याचं कडक ऊन त्याआधीच सुरू होतं. शिवाजीनगर वेधशाळेच्या सरासरीत एप्रिल मेपेक्षा थोडा गरमच, आणि 43.3 अंशांचा तिथला जुना उच्चांकही 30 एप्रिल 1897 चा. मेच्या दुपारी गर्दीही आणि वळीवही. जूनमध्ये तेच, वर पाऊस. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत विजा कमी असतात खरं, पण अठ्ठावीस अंशांत पोरं ओठ निळे करून कुडकुडतात आणि पाणी गढूळतं. परतीच्या पावसात पुन्हा कडकडाट. डिसेंबरात दुपारी एकपर्यंत पाण्यात पाय घालवत नाही.

"मार्चचा मध्य ते एप्रिलचा पहिला पंधरवडा," मी म्हणालो. "मंगळवार नाहीतर बुधवार. धुळवड आणि रंगपंचमी टाळा, त्या दिवसांत रंगानं फिल्टर तुंबतात. उघडल्या उघडल्या या आणि तीनला निघा."

"शाळा असते हो तिची."

"पहिलीत ना? एक दिवस बुडवा."

पुढच्या मार्चमध्ये एका मंगळवारी ते आले. पूलमध्ये चाळीसेक माणसं. पाणी सकाळचं जरा गारच, पण बाराच्या तपासणीला नळी चांगली गडद झाली. मुलीची टोपी यंदा निळी होती आणि तिला बाहेर काढणं कोणालाच जमत नव्हतं. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. तरी तिचे बाबा अधूनमधून कमरेवर हात ठेवून उत्तरेकडे बघत होते.